रंग बदलतो, कॉलम नाही

"आता आपल्याला हा ताप पुन्हा येत नाही बे. इम्युनिटी आली!"

हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाल्यावर माझ्या रूम पार्टनरने पहिल्याच दिवशी मेसमध्ये हे जाहीर केलं. टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कांजिण्या एकदा झाल्या की पुन्हा होत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे मीही डोलावली. पुढे लायब्ररीत बसून वाचायला लागलो तेव्हा कळलं की त्याचं वाक्य चुकीचं होतं, आणि आमच्या माना डोलावणंही चुकीचं होतं. का, ते समजायला मला एका जिवाणूच्या अंगावरच्या एका प्रथिनापर्यंत जावं लागलं. मी सिव्हिलचा विद्यार्थी, दहावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही. त्यामुळे या लेखात डॉक्टरी भाषा कमी आणि आपली साइटवरची भाषा जास्त आढळेल. बायोटेकच्या मित्रांनी सांभाळून घ्यावं.

झालं असं की...

ऑक्टोबरमध्ये आमचा तीन दिवसांचा सर्व्हे कॅम्प मोहर्लीला होता. चंद्रपूरहून दुर्गापूर, पद्मापूर करत गाडी कोळशाच्या खाणी मागे टाकते, आणि मग एकदम हिरवं रान सुरू होतं. एका बाजूला इरई धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ताडोबाचं गेट, आणि मध्ये मोहर्ली गाव. गावालगतच्या एका बोडीचं कंटूर सर्वेक्षण करायचं होतं. पाऊस नुकताच सरलेला, धुऱ्यांवर कमरेएवढं गवत. आमच्या ग्रुपमध्ये रूम पार्टनर स्टाफ धरायला. लेव्हल लावून रीडिंग घेईपर्यंत त्याला काम नाही, म्हणून तो मस्त गवतात बसायचा, एकदा तर डोक्याखाली बॅग घेऊन चक्क झोपला. बोडीच्या मालकांनी हटकलंही, "पोट्टेहो, तिथं गवतात नोका बसू, किडे रायते." आम्हाला वाटलं, साप-विंचवाचं सांगतायत. आम्ही साप बघितला, दिसला नाही, विषय संपला.

परत आल्यावर दहाव्या दिवशी त्याला ताप भरला. डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं, डोळे लाल. मलेरियाची चाचणी निगेटिव्ह, डेंग्यूची निगेटिव्ह. टायफॉइड असावा असं धरून सेफ गटातलं अँटिबायोटिक सुरू झालं. चौथ्या दिवशी स्क्रब टायफसची रॅपिड टेस्टही केली. तीसुद्धा निगेटिव्ह. तेव्हा ते नाव यादीतून कटलं आणि पुन्हा कुणी काढलं नाही. सातव्या दिवशी त्याला धाप लागायला लागली, तसं त्याला दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टरांनी त्याला पूर्ण तपासलं. पट्ट्याच्या जागी, कमरेच्या थोडं खाली एक काळी खपली होती. कडा लाल, मधला भाग सिगारेटचा चटका बसावा तसा. दुखत नव्हती, म्हणून त्यालाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "जंगलात गेला होतास का?"

सात दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर आम्हीही आपणहून सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. दोन दिवसांच्या आत ताप उतरला.

त्यानंतर माझ्या डोक्यात तीन प्रश्न राहिले. टेस्ट निगेटिव्ह का आली? याची लस का नाही? आणि सात दिवस न हटलेला ताप एका जुन्या, स्वस्त गोळीने दोन दिवसांत कसा गेला? पुढे कळलं की तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी जाऊन भेटतात.

किडा कोणता, जंतू कोणता

या आजाराचं नाव स्क्रब टायफस. स्क्रब म्हणजे झुडपी रान, खुरटं गवत. जंतूचं नाव ओरिएंशिया सुत्सुगामुशी. जपानीत 'सुत्सुगा' म्हणजे आजार किंवा पीडा आणि 'मुशी' म्हणजे किडा. जपानच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना किडा आणि ताप यांचं नातं फार आधीपासून ठाऊक होतं. मोहर्लीचे बोडीवाले काका जे सांगत होते, ते तसंच काहीसं.

हा किडा म्हणजे माइट, कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या नात्यातला. मृग लागला की ओल्या मातीवर लाल मखमली 'मृगाचा किडा' दिसतो ना, त्याचा हा लांबचा चुलतभाऊ. (मृगाचा किडा निरुपद्रवी आहे, त्याला उगाच मारू नका.) आपल्याकडे हा जंतू पसरवणाऱ्या माइटचं नाव लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. त्याची प्रौढ पिढी मातीत राहते आणि माणसाच्या वाटेला जात नाही. चावते ती फक्त अळी, जिला चिगर म्हणतात. आकार साधारण 0.2 मिलिमीटर, म्हणजे ड्रॉईंगच्या 0.5 पेन्सिलच्या रेघेपेक्षाही बारीक. सहा पायांची ही अळी गवताच्या टोकावर येऊन थांबते. उंदीर, चिचुंद्री किंवा सर्व्हे कॅम्पचा विद्यार्थी, जो कोणी जवळून जाईल त्याच्या अंगावर चढते. कपडा जिथे घट्ट बसतो तिथे, म्हणजे कंबर, काख, जांघ अशा जागी ती दोन-चार दिवस चिकटून राहते.

यात एक गंमत आहे. ही अळी आयुष्यात एकदाच प्राण्याला चावते. मग एकाचा जंतू दुसऱ्याला द्यायचा कसा? उत्तर असं की जंतू आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पुढच्या अळीत जातो. म्हणजे माइट हा जंतूचा नुसता वाहक नाही, ते त्याचं पिढीजात घरच आहे. उंदीर आणि माणूस मधले पाहुणे.

हा आजार म्हणजे दूरदेशची गोष्ट नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरच्या रुग्णालयांत विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले, त्यात मृत्यूही झाले. उत्तर प्रदेशात गोरखपूर भागात मुलांचा मेंदूज्वर वर्षानुवर्षे मुख्यतः जपानी एन्सेफलायटिस म्हणून ओळखला जात होता. 2015-16 च्या सुमारास नीट तपासण्या झाल्या तेव्हा त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये स्क्रब टायफसच्या खुणा सापडल्या.

56 नंबरचं प्रथिन

आता मुख्य विषय. जिवाणू म्हणजे एक छोटी इमारत समजा. आत यंत्रं, बाहेर भिंत, आणि भिंतीच्या दर्शनी भागावर काही प्रथिनं. आपल्या शरीरातली संरक्षण यंत्रणा म्हणजे गेटवरचा वॉचमन. तो इमारतीच्या आत शिरून कॉलम-बीम मोजत नाही, तो दर्शनी भाग बघून ओळखतो.

ओरिएंशियाच्या दर्शनी भागावर सगळ्यात ठळक प्रथिन आहे ते 56 किलोडाल्टनचं. एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन, म्हणजे हे प्रथिन 56,000 हायड्रोजन अणूंइतकं जड. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते आणि एका मण्याचं वजन सरासरी 110 डाल्टन. या माळेत सुमारे 530 मणी आहेत. 530 गुणिले 110 म्हणजे 58,300. ओरलला चालेल इतकं जुळतं! जंतू आपल्या पेशीला चिकटून आत शिरतो त्या कामात हे प्रथिन भाग घेतं. म्हणजे ते नुसतं शोभेचं नाही, दरवाजाचं हँडलसुद्धा आहे.

पण वॉचमनची अडचण अशी की हे प्रथिन सगळ्या ओरिएंशियांमध्ये सारखं नसतं. या माळेत चार पट्टे असे आहेत की जे एका वाणापासून दुसऱ्या वाणात खूप बदलतात. उरलेला भाग बराचसा स्थिर. दुसऱ्या महायुद्धात 1943 साली आसाम-ब्रह्मदेश सीमेवरच्या एका रुग्णाकडून जंतूचा एक वाण मिळाला, त्याला गिलियम म्हणतात. त्याच वर्षी न्यू गिनीमधून मिळालेला कार्प. पुढे जपानमधून काटो. जंतू एकच, लक्षणं साधारण तीच, पण दर्शनी भाग वेगळा. आज या प्रथिनाच्या जनुकावरून डझनावारी प्रकार ओळखले जातात. वेल्लोर, शिमला आणि शिलाँग इथल्या रुग्णांच्या खपल्यांवरून भारतात एक अभ्यास झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काटोच्या जवळचा प्रकार सर्वांत जास्त आढळला आणि त्याखालोखाल कार्पच्या जवळचा. गिलियमच्या जवळचे अगदी थोडे.

एक अक्षर बदललं तर?

प्रथिन बदलतं म्हणजे नेमकं काय होतं? प्रथिनाचं ड्रॉईंग जनुकात असतं. जनुकाची लिपी चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. 530 मण्यांच्या माळेला 530 गुणिले 3, म्हणजे सुमारे 1,600 अक्षरं लागतात.

आता 'जीएए' हा शब्द घ्या. याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. नक्कल करताना एक अक्षर चुकलं तर तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, 'जीएए'चं 'जीएजी' झालं. याचाही अर्थ ग्लुटामिक आम्लच. माळ तीच राहिली. ही मुकी चूक. ड्रॉईंगवर स्पेलिंग चुकलं पण गवंड्याला कळलं, तसं.

दुसरी, 'जीएए'चं 'एएए' झालं. याचा अर्थ लायसिन. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार, लायसिनवर धन भार. मणी एकच बदलला, पण त्या जागचा विद्युतभार उलटा झाला. वॉचमनचं प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी त्या जागेला कुलूप-किल्लीसारखी बसत होती. ती आता सैल बसेल, किंवा बसणारच नाही.

तिसरी, 'जीएए'चं 'टीएए' झालं. हा पूर्णविराम. माळ तिथेच तुटली, प्रथिन अर्धवट. असा जंतू बहुधा टिकत नाही.

सर्वसाधारण जिवाणूंमध्ये अशी चूक फार क्वचित होते, शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरं उतरवल्यावर एखादी. पण जिवाणूंची संख्या इतकी प्रचंड असते की क्वचित होणारी गोष्टही कुठेतरी रोज होते. शिवाय एकाच माइटमध्ये किंवा उंदरात दोन वाण एकत्र आले तर त्यांच्या जनुकांचे तुकडे अदलाबदल होऊ शकतात. दोन ड्रॉईंग कापून एक नवीन चिकटवल्यासारखं. ओरिएंशियाची जनुकावली तर या बाबतीत नावाजलेली आहे. कोरियातल्या बोर्यांग वाणाची संपूर्ण जनुकावली 2007 मध्ये वाचली गेली. सुमारे 21 लाख अक्षरं, आणि त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग पुन्हा पुन्हा तोच येणारा मजकूर! हा मजकूर जिथे सारखा असतो तिथे तुकड्यांची जागा बदलणं सोपं जातं.

दादाजींचा धान आणि जंतूचे वाण

पण चुका तर माळेत सगळीकडेच होणार. मग बदल चार पट्ट्यांतच का साठले? इथे मला आपल्याच जिल्ह्यातले एक नाव आठवलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. 1983 च्या सुमारास 'पटेल 3' जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत राहिले. त्यातून निघालेला धान घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून देशभर गेला. आपल्या मेसमध्येही त्याची पोती येतात. दादाजी 2018 साली गेले.

दादाजींनी तो फरक निर्माण केला नव्हता. तो शेतात आपोआप झाला होता. त्यांनी निवड केली. उत्परिवर्तन आंधळं असतं, निवड आंधळी नसते.

जंतूच्या बाबतीत निवडणारा हात म्हणजे आपली (आणि उंदराची) प्रतिकारशक्ती. ज्या जंतूचा दर्शनी भाग ओळखीचा, तो मारला जातो. ज्याचे चार पट्टे थोडे वेगळे, तो निसटतो आणि त्याचीच पिढी वाढते. म्हणजे वॉचमन जितका दक्ष, तितके नवे रंग पुढे येतात. उलट जनुकातली जी चूक आतल्या यंत्रात होते, तिच्यामुळे यंत्रच बंद पडतं आणि जंतू मरतो. म्हणून तिथे बदल टिकत नाहीत. इमारतीचा रंग दरवर्षी बदलता येतो. कॉलम हलवायला गेलात तर स्लॅब खाली येतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. रूम पार्टनरच्या अंगात शिरलेला जंतू सात दिवसांत रंग बदलत बसला नव्हता. असं करणारे जंतू आहेत. गोचिडाच्या किंवा उवेच्या चाव्यातून येणारा एक उलटून उलटून येणारा ताप आहे, त्याचा बोरेलिया जिवाणू एकाच रुग्णात पुन्हा पुन्हा आपलं पृष्ठ-प्रथिन बदलतो. ओरिएंशियाचे रंग मात्र वाणावाणांत वाटलेले असतात, धानाच्या जातींसारखे. या धुऱ्यावर एक, त्या नाल्याकाठी दुसरा, कधी एकाच जागी दोन्ही.

ही युक्ती फक्त जंगलातल्या जंतूची आहे असंही नाही. घसा धरवणारा स्ट्रेप्टोकॉकस घ्या. त्याच्या अंगावरच्या एम प्रथिनाचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. अमेरिकेतल्या रेबेका लान्सफील्ड यांनी त्या प्रथिनाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं. एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला थोपवत नाही, म्हणून घसा पुन्हा पुन्हा धरतो.

तीन प्रश्नांची उत्तरं

आता मेसमधल्या त्या वाक्याकडे येऊ. स्क्रब टायफस झाल्यावर प्रतिकारशक्ती येते, हे खरं. त्याच वाणाविरुद्ध ती काही वर्षं टिकू शकते. पण वेगळ्या रंगाच्या वाणाविरुद्ध ती काही महिन्यांतच ओसरते. म्हणजे रूम पार्टनर पुढच्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा तसाच गवतात झोपला, तर त्याला हाच आजार पुन्हा होऊ शकतो. मोहर्लीतले वनरक्षक, गाइड, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणारी माणसं आयुष्यभर त्या रानात वावरतात. "यांना सवय झालेली असेल" असं आपण सहज म्हणतो. हा जंतू त्या समजुतीला जुमानत नाही.

लस का नाही, याचं मोठं कारणही हेच. महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिशांनी घाईने एक लस तयार केली, प्रत्यक्षात ती उपयोगी पडली नाही. त्यानंतरही प्रयत्न झाले. एका रंगावर बनवलेली लस दुसऱ्या रंगाला ओळखत नाही, आणि मिळालेलं संरक्षणही फार काळ टिकत नाही. आजही स्क्रब टायफसची मान्यताप्राप्त लस बाजारात नाही.

आणि टेस्ट? तिथे दोन गोष्टी आहेत. नेहमीच्या टेस्टमध्ये जंतू शोधत नाहीत, रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडी शोधतात. त्या मोजण्याइतक्या व्हायला साधारण पहिला आठवडा जातो. रूम पार्टनरची टेस्ट चौथ्या दिवशी झाली, म्हणजे काँक्रीटचा क्यूब टाकल्या टाकल्या कॉम्प्रेशन टेस्टला लावण्यासारखं. दुसरी गोष्ट, अँटिबॉडी पकडायला किटमध्ये जे आमिष लावतात ते बहुधा हेच 56 चं प्रथिन असतं. आमिष एकाच रंगाचं असेल तर दुसऱ्या रंगाचा रुग्ण निसटू शकतो. म्हणून चांगल्या एलायझा किटमध्ये कार्प, काटो, गिलियम अशा अनेक वाणांची प्रथिनं मिसळून लावतात. आमच्या केसमध्ये दोष बहुतेक वेळेचा होता. पण "एकदा निगेटिव्ह म्हणजे नाहीच" हे दोन्ही कारणांनी चूक.

याआधीची जुनी वेल-फेलिक्स टेस्ट तर आणखी गमतीची. तिच्यात ओरिएंशिया वापरतच नाहीत, प्रोटिअस नावाचा भलताच जिवाणू वापरतात. त्याच्या अंगावरची एक खूण योगायोगाने ओरिएंशियासारखी दिसते, म्हणून रुग्णाच्या अँटिबॉडी त्यालाही चिकटतात. स्वस्त आहे, पण चुकतेही बरीच. शेजाऱ्याचा फोटो दाखवून माणूस ओळखायला लावण्यासारखं.

कॉलमवर घाव

मग डॉक्सिसायक्लिनने काम कसं केलं? कारण ते दर्शनी भागाकडे बघतच नाही. ते पेशीत शिरून जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन चिकटतं. रायबोसोम म्हणजे प्रथिनं तयार करणारं यंत्र. ड्रॉईंग वाचून एकेक मणी ओवणारं. डॉक्सिसायक्लिन नवीन मणी आत यायची जागाच अडवतं. 56 चं प्रथिन कार्पसारखं असो, काटोसारखं असो, ते तयार करणारं यंत्र सगळ्यांचं जवळपास एकच. तो कॉलम आहे, तिथे रंगरंगोटीला वाव नाही.

याउलट पेनिसिलिन आणि सेफ गटातली औषधं जिवाणूच्या भिंतीचं बांधकाम अडवतात. ओरिएंशियाची भिंत नेहमीच्या जिवाणूंसारखी नाही आणि तो आपल्या पेशीच्या आत लपून राहतो. म्हणून ती औषधं इथे निकामी ठरतात. रूम पार्टनरला सात दिवस औषध मिळत होतं, पण चुकीच्या जागी घाव बसत होता.

शोधायची पद्धतही या तत्त्वावर सुधारली. पीसीआरने जंतूचं जनुक थेट शोधायचं असेल तर 56 च्या जनुकाऐवजी 47 किलोडाल्टनच्या एका कमी बदलणाऱ्या प्रथिनाचं जनुक घेतात. 'ताप स्क्रब टायफसचा आहे का?' हे विचारायचं असेल तर स्थिर जागा बघा. 'कोणत्या वाणाचा?' हे विचारायचं असेल तर बदलती जागा बघा. सर्व्हेमध्ये बेंचमार्क न हलणाऱ्या दगडावर घेतो आणि रीडिंग बदलत्या जमिनीवर, तसंच हे.

औषधांचा इतिहास फार जुना नाही. 1948 साली क्वालालंपूरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या आजारावर लागू पडतं हे दिसलं, त्याआधी नेमकं औषध नव्हतंच. उपचार न मिळालेल्या रुग्णांत जुन्या नोंदींप्रमाणे शंभरात सरासरी सहाच्या आसपास दगावत, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. गंभीर रुग्णांसाठी भारतातच एक मोठी चाचणी झाली, ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. 794 रुग्णांत डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन आणि दोन्ही एकत्र असे तीन गट केले. मृत्यू, सातव्या दिवशीही असलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, यातलं काहीतरी एकेका औषधाच्या गटांत 47 आणि 48 टक्क्यांमध्ये घडलं. दोन्ही एकत्र दिलेल्यांत 33 टक्क्यांमध्ये. दोन्ही औषधं रायबोसोमवरच, पण वेगवेगळ्या जागी बसतात. एकाच कॉलमला दोन ठिकाणी पाचर मारल्यासारखं.

म्हणून लगेच मेडिकलमधून गोळ्या आणून रूममध्ये ठेवू नका. ताप डेंग्यूचा असेल तर या गोळीचा उपयोग नाही, आणि दुसऱ्या कशाचा असेल तर वेळ जातो. औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. आपलं काम त्यांना माहिती देण्याचं.

पुढच्या कॅम्पसाठी

आम्ही आमच्या विभागाच्या कॅम्पच्या यादीत चार ओळी वाढवल्या आहेत. ट्रेकला, एनएसएसला किंवा नुसतं ताडोबाला जाणाऱ्यांनीही वाचाव्यात.

एक, गवतात थेट बसू-झोपू नका. सतरंजी, ताडपत्री, काहीही घ्या, कपडे झुडपांवर वाळत घालू नका. पूर्ण पँट, पायमोज्यात खोचलेली. दिसायला गबाळं, पण काम होतं. डीईईटी असलेलं मलम मिळालं तर पायाला, घोट्याला लावा.

दोन, परत आल्याबरोबर साबणाने घासून आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. अळी अंगावर चढल्यापासून चावायला जागा शोधेपर्यंत बराच वेळ फिरते, तेवढ्यात ती धुऊन जाऊ शकते.

तीन, परतल्यापासून तीन आठवड्यांत ताप आला तर अंग स्वतः तपासा. कंबर, जांघ, काख, कानामागे, गुडघ्यामागे. काळी, न दुखणारी खपली दिसते का? लाजायचं काम नाही. खपली प्रत्येकाला असतेच असं नाही, त्यामुळे नाही दिसली तरी पुढची ओळ पाळायची.

चार, डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य, "मी अमुक तारखेला जंगलात होतो." टेस्ट लवकर केली आणि निगेटिव्ह आली, पण ताप हटला नाही, तर पुन्हा करायची का, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

रान सोडून द्या, मोहर्लीला जाऊ नका, असं मी अजिबात म्हणत नाही. बोडीचा कंटूर मॅप पूर्ण करायला आम्ही जानेवारीत पुन्हा गेलो. त्या काकांना सगळी हकिकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं ना बापू." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आमच्या गावात ताप आला तर डॉक्टरले हेच सांगाचं का, खपली पाहा म्हणून?" हो म्हणालो. त्यांनी घरातल्या पोरीला बोलावलं आणि तिच्या वहीच्या मागच्या पानावर आमच्याकडून ते लिहून घेतलं.

रूम पार्टनर यावेळी स्टाफ धरून पूर्ण दिवस उभा होता. मेसमधलं ते वाक्य त्याने मागे घेतलंय. आता तो म्हणतो, "इम्युनिटी आली बे, पण एकाच रंगाची."